शून्य-नऊ राहिले

अठरा वर्षे मी पुस्तकांच्या पाठीवरचे अंक पाहून पुस्तके कपाटात लावत होते, पण तो अंक काय सांगतो हे मला वाचता येत नव्हते. नागपुरातील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी २००६ पासून परिचर म्हणून काम करते. नवे पुस्तक आले की दाखलनोंद वहीत त्याची नोंद करायची, ठरलेल्या पानांवर शिक्के मारायचे, आतल्या बाजूला तारीखपत्रक चिकटवायचे आणि ग्रंथपालांनी शीर्षकपृष्ठाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला अंक पुस्तकाच्या पाठीवर उतरवायचा, हे माझे काम. ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य आणि ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, एवढे हाताच्या सवयीने कळत होते. त्यापलीकडे अंक म्हणजे माझ्यासाठी कपाटाचा पत्ता होता.

२०२४ च्या जानेवारीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा एक विद्यार्थी दोन पुस्तके घेऊन माझ्या टेबलाशी आला. मुलगा काटोलकडचा, घरी संत्र्याची बाग असलेला. "मॅडम, एक पुस्तक ६३४ मधी भेटलं आन् एक ३३८ मधी. दोन्ही संत्र्याचेच आहेत ना, मंग दोन कपाटांत काहून?" मी म्हणाले, "नंबर तसा आहे बेटा." त्याने मान हलवली, देवघेवीच्या नोंदीवर सही केली आणि तो निघून गेला. त्याचा प्रश्न चोख होता आणि तो विचारायला तो योग्य ठिकाणी आला होता, ही गोष्ट मला त्या दिवशी घरी जाईपर्यंत आणि त्यानंतरही बरेच दिवस स्वस्थ बसू देईना.

त्याच वर्षी जुलैच्या सत्रासाठी मी ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला मुक्त विद्यापीठात प्रवेश घेतला. तेव्हा माझे वय ४६ होते. बी.ए. मी १९९९ साली केले, म्हणजे नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळण्याच्याही आधी, आणि ते प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे. त्यामुळे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र, नाव बदलल्याचे राजपत्र आणि त्यांच्या साक्षांकित प्रती जमवण्यातच पहिला महिना गेला. ज्या भगिनींना पुन्हा शिकायचे आहे त्यांनी हे कागद आधी काढून ठेवावेत, एवढेच या बाबतीत सांगते.

"या पदवीला किंमत आहे का?" हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला की त्याचे उत्तर इथे लिहून ठेवणे बरे. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झाले आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली राज्याच्या कायद्याने. मान्यताप्राप्त संस्थांमधून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळवलेली पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाईल, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. मात्र 'मान्यताप्राप्त' हा शब्द महत्त्वाचा. आपण निवडलेल्या संस्थेला आणि त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, हे आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर स्वतः पाहावे आणि मगच शुल्क भरावे. कोणाच्या तोंडी शब्दावर विसंबू नये.

रविवारी सकाळी विद्यापीठाचा ऑनलाइन वर्ग असे. पडद्यावर ऐंशीच्या आसपास नावे, सगळ्यांचे माइक बंद. शिकवणारे सर अतिशय मन लावून शिकवत आणि प्रत्येक मुद्द्यानंतर थांबून विचारत, "कोणाला काही शंका?" त्यानंतर जी शांतता पसरे ती मला अजून आठवते. शाळेतल्या मुलाला शंका विचारताना गुरुजींची भीती वाटते. मोठ्या माणसाची भीती वेगळी असते. मी ग्रंथालयात अठरा वर्षे काढली आहेत, हे त्या ऐंशी जणांना कळेल आणि त्याच वेळी मला साधा अंक फोडता येत नाही हेही कळेल, असे मला वाटे. पुढे बोलण्यातून समजले की, त्या यादीतले बरेच जण माझ्यासारखेच होते: कोणी गावातले सार्वजनिक वाचनालय दहा-पंधरा वर्षे चालवणारे, कोणी शाळेच्या ग्रंथालयाचा भार सांभाळणारे शिक्षक. ज्याला विषयाचा जितका जास्त अनुभव, तितका तो जास्त गप्प.

ही कोंडी एका रात्री फुटली. ऑगस्टमधली गोष्ट. वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटात अकराच्या सुमारास एक प्रश्न आला: "तक्ता दोन कधी वापरायचा आणि कधी नाही, कोणी सांगेल का?" पुस्तकांना विषयवार अंक देण्याच्या ड्यूई पद्धतीतला, स्थळांचे अंक देणारा हा तक्ता. वीस मिनिटे झाली तरी उत्तर नाही. प्रश्न विचारणाऱ्या बाई गोंदियाच्या होत्या, एवढे त्यांच्या नावापुढे लिहिले होते. त्या पडद्यापलीकडे उत्तराची वाट पाहत बसल्या असतील, या विचाराने मला राहवले नाही. उत्तर मलाही येत नव्हते. मी लिहिले, "ताई, मलाही कळलेले नाही." पाच मिनिटांत अहेरीहून एकाने लिहिले, "मलाही." मग चंद्रपूरहून, मेहकरहून, लातूरहून. बारा वाजता आम्ही सहा जण त्या एका प्रश्नावर जागे होतो, आणि दुसऱ्या दिवशी नागपुरातलेच एक सेवानिवृत्त बँक अधिकारी, वय ६३, सातवे म्हणून आले. दर गुरुवारी रात्री साडेनऊला आमचा स्वतंत्र वर्ग भरू लागला.

मला वाटते, प्रौढ वयात शिकणाऱ्याला शिक्षक आणि पुस्तके मिळतात, वेळही तो कसाबसा काढतो. त्याला मिळत नाही तो त्याच ठिकाणी अडलेला दुसरा माणूस. विद्यापीठाची व्याख्याने चांगली होती आणि मी ती मेट्रोने उज्ज्वलनगरहून सीताबर्डीला जाता-येता पुन्हा पुन्हा ऐकली. तरीही ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटे आणि वहीवर उतरवायला बसले की हात थांबे. हात का थांबला, हे गुरुवारी उघड होई.

आम्ही एकमेकांना गावाच्या नावाने ओळखत होतो. गोंदियाच्या ताई 'क' वर्गाच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल. तुटपुंज्या मानधनावर वाचनालय उघडणे, झाडणे आणि पुस्तके देणे सगळे त्याच करीत. अहेरीचे सर आश्रमशाळेत शिक्षक. त्यांच्याकडे नेटवर्क गेले की आवाज मध्येच तुटे आणि आम्ही त्यांचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबत असू. चंद्रपूरचे दादा वीज केंद्रात पाळीने काम करणारे, रात्रपाळी असली की वर्ग बुडे आणि ते दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रण मागून घेत. मेहकरच्या ताईंच्या मांडीवर आठ महिन्यांचे बाळ असे. लातूरचे भाऊ एका कार्यालयात लिपिक. चेहरे आम्ही क्वचितच पाहिले, कारण डेटा वाचवण्यासाठी कॅमेरा बंद ठेवायचा असे ठरले होते.

आता संत्र्याकडे येते. ड्यूई दशांश वर्गीकरण पद्धतीची पहिली आवृत्ती १८७६ साली निघाली तेव्हा ती अवघ्या ४४ पानांची होती. आम्हाला सरावासाठी असलेली एकोणिसावी आवृत्ती तीन जाड खंडांची आहे: एकात तक्ते, म्हणजे विषयाच्या अंकाला जोडायचे अंक, दुसऱ्यात अनुसूची, म्हणजे विषयांच्या अंकांची यादी, तिसऱ्यात निर्देशी, म्हणजे विषयांची वर्णानुक्रमे सूची. हे खंड महाग असतात आणि कोणाच्या घरी नसतात. आमच्या सातांपैकी सहा जणांकडे ते नव्हते. माझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ते संदर्भ विभागाच्या कपाटात होते आणि मी त्यांच्यावरची धूळ दर आठवड्याला पुसत आले होते. ग्रंथपालांच्या परवानगीने मी दुपारच्या सुट्टीत ते काढून बसू लागले. अहेरीहून विचारणा येई, "मॅडम, मधमाशी पालन कुठे येते, बघता का?" मी निर्देशीत शोधून, मग अनुसूचीत पडताळून, अंक आणि त्याखालची सूचना वहीत उतरवून घेई आणि गुरुवारी वाचून दाखवी. दुसऱ्यासाठी शोधताना मला ते खंड चाळता येऊ लागले, हे माझ्या उशिरा लक्षात आले.

एका गुरुवारी मी स्वतःहून शीर्षक ठेवले: महाराष्ट्रातील संत्र्याची लागवड. तो काटोलचा मुलगा मनात होताच. मी पायऱ्या मोठ्याने वाचत गेले. ६ म्हणजे उपयोजित शास्त्रे, ६३ शेती, ६३४ फळबागा, ६३४.३ मध्ये लिंबाच्या आणि अंजिराच्या कुळातली फळे, ६३४.३१ संत्री. मग तक्ता दोन, म्हणजे स्थळांचा तक्ता: ५ आशिया, ५४ भारत, ५४७९२ महाराष्ट्र. दोन्ही जोडून मी अंक सांगितला, ६३४.३१५४७९२. क्षणभर कोणी बोलले नाही. मग गोंदियाच्या ताई म्हणाल्या, "ताई, शून्य-नऊ राहिलं ना जी!"

त्यांनी पुढे जे समजावले ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा माझ्या डोक्यात स्वच्छ उतरले. संत्र्याच्या ३१ पुढे थेट ५ लिहिला तर वाचणाऱ्याला कसे कळणार की हा ५ आशियाचा आहे? तो संत्र्याच्याच एखाद्या उपप्रकाराचा अंक वाटेल. म्हणून आधी ०९ लिहायचे. ते 'इथून पुढे जागा सुरू होते' अशी पाटी आहे. ताईंनी उदाहरण दिले ते वाचनालयाच्या रजिस्टरमधले होते: "आपण नाव लिहितो, मंग 'राहणार' लिहितो, मंग गाव लिहितो. 'राहणार' नाही लिहिलं तर गावाचं नाव आडनावासारखं वाचल्या जाते. शून्य-नऊ म्हणजे 'राहणार'." त्या रात्री मी वहीत ६३४.३१०९५४७९२ असे लिहिले आणि त्यातला ०९ लाल शाईने गिरवला. महिनाभरापूर्वी 'तक्ता दोन कधी वापरायचा' असे विचारणाऱ्या त्याच या ताई होत्या. विद्यापीठाच्या पुस्तकातला तो धडा त्यांनी चार वेळा वाचला होता आणि आम्हाला सांगण्यासाठी पाचव्यांदा वाचून आल्या होत्या.

आमच्यात हुशार असा कोणी एक नव्हता. जो एक रात्र पुढे असेल तो त्या गुरुवारी शिकवी. बँकेतल्या काकांनी संगणकाचा सगळा भाग समजावला, कारण त्यांच्या नोकरीतच वह्या जाऊन संगणक आले होते. मेहकरच्या ताईंचे इंग्रजी चांगले. अभ्याससाहित्य इंग्रजीत होते आणि अवघड परिच्छेद त्या बाळाला थोपटत मराठीत सांगत.

याच काळात मी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्याविषयी वाचले आणि मला मोठा आधार वाटला. भारतातील ग्रंथालयशास्त्राचे ते जनक. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो. पण ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा त्यांना या विषयाचे कोणतेही शिक्षण नव्हते. काम आधी मिळाले आणि मग त्याच वर्षी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते शिकण्यासाठी लंडनला गेले. तिथल्या एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला: त्याच पट्ट्या आणि तेच नट-बोल्ट, पण वेगवेगळे जोडले की वेगळी वस्तू तयार. त्यातून त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरण पद्धतीची कल्पना आकाराला आली, जी १९३३ साली प्रसिद्ध झाली. विषयाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला पर्सनॅलिटी (मूळ विषयवस्तू), मॅटर (द्रव्य), एनर्जी (क्रिया), स्पेस (स्थळ), टाइम (काळ) या पाचांपैकी योग्य जागी बसवायचे आणि मध्ये विरामचिन्हांचे बोल्ट आवळायचे. गोंदियाच्या ताईंचा 'राहणार' आणि रंगनाथनांचा बोल्ट एकच काम करतात, हे मला ज्या दिवशी दिसले त्या दिवशी मी अभ्यास करता करता उठून घरातल्यांना सांगत सुटले. मुलगा बारावीचा अभ्यास बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिला, याचे मला फार अप्रूप वाटले.

एक कटू गोष्टही लिहायला हवी. स्वाध्याय हाताने लिहून द्यायचे असतात, आणि त्यांची तयार उत्तरे विकत मिळतात. मोठ्या गटात ती फुकटही फिरू लागली. नोकरी, घर, आजारपण सांभाळून शिकणाऱ्याला त्यांचा मोह होतो हे मी जाणते, आणि ज्यांनी ती उतरवली त्यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. पण लातूरच्या भाऊंनी ती फाइल आमच्या सातांच्या गटात टाकली तेव्हा मी आणि अहेरीचे सर दोघांनीही तिला विरोध केला. अर्धा तास चांगलीच खडाजंगी झाली. भाऊंचे म्हणणे होते की, पदवीशिवाय त्यांची बढती अडली आहे आणि त्यांना लवकरात लवकर कागद हवा आहे. ते खोटे नव्हते. शेवटी असे ठरले की, या गटात प्रश्न कितीही यावेत, तयार उत्तर एकही नको. भाऊ दोन गुरुवार आले नाहीत. तिसऱ्या गुरुवारी आले ते स्वतः लिहिलेला स्वाध्याय घेऊन, आणि त्यांनी तो आम्हाला वाचून दाखवला.

मार्चनंतर नागपूर तापू लागले आणि वर्गाचा आवाज बदलला. इकडे माझा कूलर, तिकडे चंद्रपूरचा कूलर, गोंदियाचा कूलर. माइक सुरू केला की पाण्याचा आणि पंख्याचा घरघराट. ज्याला बोलायचे त्याने कूलर बंद करायचा असा नियम झाला. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकला, नवतपा लागला, आणि तशाही उकाड्यात लोक दहा-दहा मिनिटे कूलर बंद करून दुसऱ्याची शंका सोडवत होते. मी मात्र हाताच्या दुखण्याने हैराण होते. पंचवीस वर्षांत सलग तीन तास लिहिले नव्हते. मनगटाला सवय व्हावी म्हणून मी रोज पहाटे पाचला, हवा जरा थंड असताना, वीस मिनिटे नुसती लिहीत असे आणि दर आठवड्याला पाच-पाच मिनिटे वाढवत गेले.

तालिकीकरणाचा, म्हणजे सूचीच्या नोंदी करण्याचा भाग सर्वांना जड गेला. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरच्या कार्डावर कोणती ओळ कुठून सुरू करायची इथपासून अडचण. त्यात नावांचा घोळ. तुकडोजी महाराजांच्या एका ग्रंथाची नोंद अहेरीच्या सरांनी 'इंगळे, माणिक' या मथळ्याखाली केली, कारण महाराजांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. नियमाने आधुनिक लेखक आडनावाखाली जातो, मग चूक कुठे? त्यावर दोन गुरुवार चर्चा झाली. नियमावलीत आधी हेही सांगितले आहे की, व्यक्ती ज्या नावाने सर्वत्र ओळखली जाते ते नाव घ्यावे. विदर्भातला कोणता वाचक 'इंगळे' म्हणून शोधायला येईल? सर म्हणाले, "माझ्या आश्रमशाळेतलं पोरगंही तुकडोजी महाराजच म्हणेल." नोंद बदलली, आणि मूळ नावाचे, 'तुकडोजी महाराज पाहा' असे सांगणारे एक संदर्भ कार्ड वेगळे करून ठेवले. नियम वाचकासाठी आहे, ही गोष्ट मला तिथे कळली.

जूनमध्ये परीक्षेसाठी गोंदियाच्या ताई नागपूरला आल्या. गणेशपेठ बसस्थानकावर मी त्यांना घ्यायला गेले. गर्दीत त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या आणि फोनवर घरी "पोहोचली जी मी" असे सांगत होत्या. तो 'जी' ऐकून मी वळले. त्या चार दिवस आमच्याकडेच राहिल्या. रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्या राहून एकमेकींना शीर्षके घालत होतो.

निकाल लागला. आम्ही सहा जण उत्तीर्ण झालो. सप्टेंबरात काटोलचा तो मुलगा, आता तिसऱ्या वर्षाला, पुस्तक परत करायला आला तेव्हा मी त्याला थांबवले आणि सांगितले की, एक पुस्तक झाड कसे लावावे ते सांगते म्हणून ते शेतीत, आणि दुसरे संत्र्याच्या बाजाराबद्दल आहे म्हणून ते ३३८ मध्ये, अर्थशास्त्रात. त्याला आपला प्रश्न आठवत होता. त्याने बाजाराचे पुस्तक पुन्हा नेले.

अहेरीच्या सरांचा तालिकीकरणाचा पेपर राहिला आहे. ऐन परीक्षेच्या दिवशी त्यांना रजा मिळाली नाही. डिसेंबरमध्ये ते पुन्हा बसतील, म्हणून गुरुवारचा वर्ग सुरूच आहे, आणि सहाही जण येतात. लातूरचे भाऊ तर सर्वांच्या आधी. या आठवड्यात संपादित ग्रंथांच्या नोंदी घ्यायच्या आहेत. मेहकरच्या ताईंनी पाच शीर्षके निवडली आहेत. कोरी कार्डे मी काल आखून, फोटो काढून सरांना पाठवली. नेटवर्क आले की त्यांना ती मिळतील.